मध्यंतरानंतर

मी मध्यंतरालाच उठलो.
रात्रपाळी होती, माग कुणासाठी थांबत नाही.
पुढं काय झालं ते सकाळी
अशोक चौकातल्या चहाच्या गाड्यावर विचारलं.

बोल्लू म्हणाला, "फालतू. हिरो विणकर दाखवलाय
अन् हात बघ बे त्याचे, लोण्याचे!
तुटलेला धागा गाठतो तर असा, जणू गजरा बांधतोय."

इरण्णा चिडला. त्याला रडू आलं होतं,
आणि आलेलं रडू कुणी खोडलेलं त्याला चालत नाही.
"आई स्टेशनवर उभी राहते, तिथं तू झोपला होतास."
"झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते."
"म्हणजे आई दिसलीच नाही."
"ऐकू आली की."

आम्ही हसलो.
वीस वर्षं खडखडाटात काढलेला बोल्लू,
त्याला बायकोची हाक ऐकू येत नाही.

विड्यांची पाटी घेऊन कारखान्याकडे निघालेली नरसव्वा
थांबली. "ती आई बोलतच नाही रे तिथं,
रडतही नाही.
नुसता पदर खोचते अन् वळते.
तेवढ्यासाठी मी दोनदा गेले.
पाचशे विड्या कमी भरल्या."

इरण्णानं तिच्यासाठी चहा सांगितला.
तिनं उभ्यानंच बशीत ओतून घेतला,
पाटी कमरेवर तशीच.

शेवट मला अजून कुणी सांगितलेला नाही.
नरसव्वा गेल्यावर बोल्लू हळूच,
म्हणजे त्याच्या मते हळूच,
साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं विचारत होता:
"आज कितीचा खेळ आहे?"