उजवी बाजू

चौदा तारखेला जेवायला कुठं जायचं
ते मी ठरवायचं असं ठरलं,
म्हणजे मोरेश्वरनं ठरवलं आणि फोन ठेवला.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी हे असलं
कुणाला विचारणार?
भाचीला विचारलं. तिनं भराभर सात नावं पाठवली,
सातही ठिकाणी मेणबत्त्या,
एका ठिकाणी तर व्हायोलिनवाला टेबलाशी येऊन वाजवतो म्हणे.
मी म्हटलं, बाई गं, व्हायोलिन नको.

मोरेश्वरचा डावा कान गोदीत गेला.
एकतीस वर्षं बोटींच्या पोटात, पत्र्यावर हातोडे.
रिटायर होताना घड्याळ मिळालं, शाल मिळाली,
कान राहिला तिथंच माझगावला,
कुठल्यातरी जहाजाबरोबर पाण्यात उतरला असेल.
उजवा बरा आहे.
पण उजव्यातही पंखा, भांडी, गाणं एकदम आलं
की तो नुसता हसतो,
आणि ते हसणं मला आता ओळखता येतं:
ऐकू न आल्याचं हसणं.

म्हणून बारा तारखेला उन्हाची छत्री घेतली
आणि हॉटेलं ऐकत निघाले.
हो, ऐकत. मेन्यू कुठंच वाचला नाही.
दारात उभी राहायचे, डोळे मिटायचे.
शिवाजी पार्काजवळचं ते काचेचं,
तिथं आवाजाला टेकायला जागाच नाही,
भिंतीवर आपटून परत अंगावर येतो.
पोऱ्या म्हणाला, मॅडम, कपल पॅकेज आहे, फुगे फ्री.
फुगे फुटतात, म्हटलं.
माटुंग्याला स्टीलवर स्टील,
शिवाय मागचा माणूस आपल्या खुर्चीला टेकून उभा,
आपला डोसा कधी संपतो ते बघत.
माहीमचं एक आवडलं होतं,
कोळंबीचा वास पार जिन्यापर्यंत,
पण वर पडद्यावर क्रिकेट.

खरं सांगू, जेवणाचं मला काही पडलं नव्हतं.
मला एक वाक्य बोलायचं होतं.

पोस्टाच्या खिडकीत मी जन्म काढला,
काचेच्या भोकातून ओरडत:
सुटे द्या, सही इथं, पिनकोड लिहा, पुढचे.
ह्यांच्या आजारपणात वॉर्डबॉयना हाका.
हळू बोलायची वेळच आली नाही कधी.
आता सात-आठ शब्द जमलेत,
ते मोठ्यानं म्हटले तर पोस्टकार्ड होईल,
येणारा-जाणारा वाचेल.
मला ते पाकिटात घालून द्यायचेत.

शेवटी गिरगावात, गल्लीच्या आत गल्ली,
सारंगांची खानावळ.
दुपारचे तीन. मालक गल्ल्यावर पेपर पसरून लसूण सोलत होते.
चौदाला टेबल मिळेल?
चौदाला काय, संकष्टी?
नाही हो, म्हटलं, जेवण. दोघांचं.
तिसऱ्या आल्या तर तिसऱ्या, नाहीतर बांगडा.

मी शेवटच्या टेबलाशी बसून पाहिलं.
समोर बेसिन, त्यावर पाटी:
चूळ भरताना आवाज करू नये.
त्या पाटीवर माझा जीवच जडला.
बाकडं भिंतीला लागून.
म्हणजे तो आत, डावा कान भिंतीकडे,
आणि मी इकडून, त्याच्या शेजारी.
रिकाम्या जागेकडे वळून
मी ते वाक्य एकदा म्हणून पाहिलं.
लसणीतून मान वर झाली नाही.
वा.

कुठल्या नावानं लिहू?
नाव राहू दे, म्हटलं. लिहा, उजवी बाजू.
त्यांनी लिहिलं. काही विचारलं नाही.

एवढंच, की डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता.
हा बंद करता येईल का, त्या वेळेपुरता?
येईल की. पण घामाघूम व्हाल, बाई.

होऊ दे.