छत्तीस महिन्यांची पावणी

विकत घे, म्हणाला भाऊ,
सोळाशे गुणिले छत्तीस करून बघ,
त्यात जवळजवळ दीड कॉम्प्युटर येतो.
मी करून बघितलं. येतो.
गणित त्याचं बरोबर होतं,
फक्त पहिल्याच दिवशी चाळीस हजार
कुठून आणायचे, ती पायरी त्याने गाळली होती.

त्याने टिप्पर घेतला होता, स्वतःचा.
खाण बंद पडली. टिप्पर अजून त्याचाच आहे,
पाळीच्या चढावर, चाकांशिवाय,
बॉनेटवर घोसाळ्याचा वेल.
यंदा घोसाळी बरी लागली, म्हणतो.

तर फोंड्याला, मामलेदार कचेरीच्या समोर,
झेरॉक्सवाल्याच्या बाजूच्या गाळ्यात
मिनिनो कुलासो खोका घेऊन आला.
वायरी जोडल्या, पंखा घुरघुरला,
मग त्याने पाठीवर एक स्टिकर डकवला
आणि नियम आहे म्हणून मोठ्याने वाचला:
ही वस्तू वापरणाऱ्याच्या मालकीची नाही.
मी म्हटलं, मिनिनो, आमच्या घरालाही असा एक आहे,
नुसता दिसत नाही एवढंच.

मडकईला आम्ही मुंडकार.
माड भाटकाराचे, पडलेला नारळ भाटकाराचा,
सावली तेवढी आमची,
तीही दुपार कलली की
सरकत त्याच्याच भाटात जायची.

बाप मात्र मानशीची पावणी धरायचा.
बोली चढायची, शेजारी शेजाऱ्याचा वैरी व्हायचा,
वर्षाचे पैसे कोमुनिदादीत मोजायचे
आणि भरतीचं पाणी ज्या दारातून खाजनात शिरतं
त्या दाराला आपलं जाळं बांधायचं.
पाणी त्याचं नाही, दार त्याचं नाही,
खाजन तर नाहीच नाही.
पण अमावास्येच्या ओहोटीला
कंदिलाच्या उजेडात जाळ्यात उड्या मारणारी सुंगटं
त्याची.
सुंगटांनी त्याच्याकडे कधी उतारा मागितला नाही.

मी दिवसभर लोकांच्या जमिनी टाइप करते.
एक-चौदावर नाव चढवा, एक-चौदावरचं नाव उतरवा.
कब्जेदाराच्या रकान्यात अकरा भाऊ,
चार लिस्बनला, एक मयत,
आणि मयताला खोडायला दहाही तयार नाहीत.
प्रेमावती गावडे येते एका फणसासाठी.
फणस हद्दीवर, मुळं हिच्यात, फांद्या त्यांच्यात.
सातवा अर्ज. चष्मा पुसत विचारते,
बाय, ह्या मशीनीत माझा फणस राहील ना?
राहील, म्हणते मी.
किती दिवस, ते तिने विचारलं नाही.

कीबोर्डवर सगळ्यात आधी 'म' पुसला.
मालक, मयत, मुंडकार, मोजणी,
सगळे त्याच खिडकीतून जातात.
मी घाबरून करार काढला,
पान नऊ: वापराने होणारी झीज धरली जाणार नाही.
बोटांबद्दल कुठल्याच पानावर काही नाही.

मे महिन्यात वीज कोसळली तेव्हा आतलं काहीतरी जळलं.
भाऊ आला, बघूया तुझी गंमत, म्हणाला.
मिनिनो दुसऱ्या दिवशी अकराला आला,
जळलेलं काढलं, नवीन घातलं, सोलकढी प्याला, गेला.
भाऊ बराच वेळ स्टिकरकडे बघत बसला.
त्याच्या टिप्परसाठी असा कोणी आला नव्हता.

आता छत्तिसावा.
ठेवायचा तर अमुक भरा, नाहीतर परत,
पुसून, कोरा करून. तसं लिहिलंय.
काल रात्री बसून सगळं उतरवून घेतलं
नखाएवढ्या पेन ड्राइव्हवर.
ही मात्र विकत घेतली, साडेतीनशेला.
अकरा भाऊ मावले, मयत मावला,
फणस मुळांसकट मावला.
बाप असाच जाळं गुंडाळायचा वर्ष भरलं की,
आणि दार उघडंच टाकून यायचा.

सकाळी मिनिनोने जुना उचलला.
मेजावर धुळीची चौकट राहिली,
मी ती पुसली.
नव्याच्या पाठीवर त्याने स्टिकर डकवला,
घसा खाकरला.
बाकावर प्रेमावती, आठवा अर्ज घेऊन.
वाच, म्हटलं मी. जरा मोठ्याने वाच,
तिला कमी ऐकू येतं.