एक्केचाळिसावं आवर्तन

नवी फाइल उघडली की सॉफ्टवेअर आधीच चार धरून बसलेलं असतं.
चाराला चार.
कुणी मागितलेलं नसतं,
हॉटेलात टेकल्या टेकल्या पाण्याचा ग्लास आदळावा, तसं.

चेंबूर कॅम्पात झेरॉक्सच्या दुकानावर माझा पोटमाळा.
उभं राहिलं तर डोकं पंख्यात,
म्हणून जे काय ते बसून.
इथे मी गायकाशिवायची गाणी करतो.
चारशेला एक, पेनड्राइव्ह तुमचा.
सोसायटीची स्नेहसंमेलनं, साठीशांती,
आणि कस्टममधून निवृत्त झालेले एक गृहस्थ,
त्यांना सगळंच दोन सूर खाली लागतं.

मोरेश्वर वैती वरळी कोळीवाड्यातून आला.
पोरीची हळद, म्हणाला, ट्रॅक पायजे.
ढोलकीवाला नाही?
नाय.

चार पुसून सहा अष्टमांश लावले.
सहा घरं, सहा ठोके,
एकेक आपापल्या घरात पांघरूण ओढून निजलेला.
वाजवलं.
होमगार्डची परेड हळदीला आल्यासारखी वाटली.

मोरेश्वर रिकाम्या सिलिंडरवर बसून ऐकत होता.
सा सा कशाला मोजतंस रं?
दोन मोज.
दोनी बाजूला तीन तीन माणसं आपसूक बसतात,
नायतर होरी कलते.

मेट्रोनोमला दोनच ठेवले.
टिक.
मध्ये मोकळं पाणी.
टिक.
तिसरा ठोका केसभर पुढे सरकवला,
पाचवा अंगठ्याने दाबावा तसा दाबला,
सगळं रांगेत आणणारं ते बटण आहे ना,
स्क्रीनवर त्याच्यापुढे चिकटपट्टीच लावली, दोन दिवस.
सहाव्यातून पहिल्यात जाताना
किंचित उतार दिला.

त्याचा गुडघा हलायला लागला.
तोंडाने लोक काहीही सांगतात, छान आहे, मस्त आहे.
मी गुडघा बघतो.

मग म्हणाला, दुसरं कडवं सरतं ना,
तिथं येक जास्ती टाक.
एक काय?
ठोका. सात कर.
अहो, चूक वाटेल.
चूकच हाय. हिराजी तिथं चुकायचा.
माजा धाकटा भाव. बावीस वर्सं, दर हळदीला, तिथंच.
पयले आमी शिव्या घातल्या.
मग बाया तिथं पाय उचलून धराया लागल्या.
आता त्यांच्या पोरी धरतात.
त्यांना वाटतं, गानंच तसं हाय.

मी आवाज खाली घेतला. हिराजी… कधी गेले?
मेलाय कशाला?
नालासोपाऱ्याला हाय.
होरी विकली तवापास्नं बोलत नाय.

एक्केचाळिसावं आवर्तन.
फक्त तेवढ्यापुरते सात, बेचाळिसाव्यात परत सहा.
मला वाटलं, सॉफ्टवेअर काहीतरी विचारेल,
नक्की का, वगैरे.
त्याने मुकाट्याने एक घर वाढवलं
आणि पुढची सगळी गाडी एक पाऊल मागे घेतली.

पैसे दिले. चारशे. वर वाळलेली सुकट, कागदात.
पोटमाळ्याला आठवडाभर समुद्राचा वास,
कस्टमवाले नाक धरून दोन सूर खाली गायले.

पंधरा-वीस दिवसांनी रात्री फोन. नंबर नवा.
हळदीचा व्हिडिओ कुनीतरी धाडला, पलीकडचा माणूस म्हणाला.
तो ट्रॅक तू केलास?
हो.
बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू येत होता, त्याच्या घरातला.
मग तो खाकरला.
तुजा सातवा लवकर पडतो.
म्हणजे?
माजा जरा उशिरा पडायचा.

किती उशिरा, विचारलं.
उत्तर नाही. टेबलावर असतील, किंवा मांडीवर, बोटं:
एक, तीन, सहा,
आणि

मी फोन खांद्याने कानाला दाबून
माउस हातात घेतला.
परत एकदा, म्हटलं.
तो परत चुकला.