रिकाम्या ऐरणीवर

थेसालोनिकीत, चौथ्या मजल्यावर,
एवान्थियाबाईंचे पाय चोळून झाल्यावर
त्सिआला स्वयंपाकघरात येते,
लाल रंगवलेली अंडी ओट्यावरून बाजूला सारते,
पितळी खल फरशीवर पालथा घालते.
मग बत्त्याने
ठण्.
ठण्.
ठण्.

"कुणाला ठोकलंस?" म्हातारी आतून.
"कुणाला नाही. साखळी जाड केली."

राचाच्या डोंगरात तिच्या बापाची भट्टी होती.
बाप देव न मानणारा, पक्षाचं कार्ड खिशात,
तरी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी
दिवा मालवून रिकाम्या ऐरणीवर तीन घाव घालायचा.
डोंगराच्या पोटात एकजण बांधलेला आहे.
त्याचं नाव त्या रात्री घ्यायचं नाही,
नाव ऐकलं की झोपलेला माणूस कूस बदलतो.
देवाशी पैज लावली त्यानं:
हा खुंटा? हा तर असा उपटतो.
आणि खुंट्याला जमिनीखाली मुळं फुटली.
शेजारी त्याचं कुत्रं.
वर्षभर साखळी चाटतं, चाटून चाटून केसाएवढी करतं,
आता तुटते, आता तुटते, तेवढ्यात
गावोगावचे लोहार घण उचलतात.

म्हातारी हसते. दात ग्लासात आहेत.
"आमचाही होता एक. विस्तव चोरला म्हणून
तुमच्याच डोंगरावर नेऊन बांधला.
नको असलेलं सगळं आम्ही तुमच्याकडेच टाकत आलो.
पण कुत्रं नव्हतं हो. गरुड होता. काळीज खायचा."
"आमचं कुत्रं गरुडाच्याच अंड्यातलं."
"मग झालं. सोयरे निघालो आपण."

रविवारी नातू येतो, स्तामातिस,
भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला.
कागदी रुमालावर जमिनीची भेग काढून दाखवतो.
भूकंप कळेना, म्हणून माणसानं माणूस गाडला, म्हणतो.
जपानात म्हणे मासा आहे, मोठा, मिशांचा.
उत्तरेकडे एकाच्या तोंडावर सापाचं विष ठिबकतं.
सगळीकडे कुणी ना कुणी खाली दाबलेला.
"सगळीकडे?" म्हातारी विचारते. "मग वर कोण असतं?"
स्तामातिस रुमाल घडी करून खिशात ठेवतो.

त्सिआला त्याला एकच गोष्ट विचारते,
पाठ करून खरकटी भांडी विसळताना.
एक्याण्णव साली बापाचा हात गळ्यात होता.
मी अकरा वर्षांची. म्हणाला, तू घाल.
मी दोनच घातले.
वर्षभर चाटतं ते बिचारं, मला वाटलं,
एकदा तरी त्याच्या जिभेचं चीज व्हावं.
तीन आठवड्यांनी डोंगर हलला.
भट्टीचं धुराडं मालखाझच्या गोठ्यावर पडलं.
आत मालखाझ होता.

स्तामातिस आकडे सांगतो. सातचा होता तो,
एका मुलीचा घण म्हणजे
समुद्रात थुंकण्याइतकासुद्धा नाही.
माहीत आहे, ती म्हणते. शाळेत शिकवलं होतं.
आकडे बरोबर आहेत.
बापानं घाव मोजले होते, तेही बरोबर आहे.
तो मरेपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही,
फक्त पुढच्या वर्षापासून
माझ्या हातातून घण काढून घेतला.

म्हणून आता खल, फरशी, परका मजला.
ऐरण विकली, तिच्या पैशात
बसचं तिकीट आणि पहिल्या महिन्याचं भाडं झालं.
तीन घाव पुरे घालते.
आणि मग, कुणाचं लक्ष नसताना,
बत्ता ठेवून, बोटाच्या पेरानं, चौथा.
तो त्या कुत्र्यासाठी.
त्याचा आवाज होत नाही, झालाच तर
फक्त पितळेला कळतो.

या वर्षी चौथ्यानंतर
खालून ठक् ठक् ठक्.
तिसऱ्या मजल्यावरचा माणूस काठीनं छत हाणतोय,
दर वर्षी हाणतो.
अंधारात म्हातारी उशीवरून मान उचलते.
"ऐकलंस?" ती म्हणते. "जागा आहे."