उतरवण्याचा सराव

चढवता कुणालाही येतं, अटिमांगो सिस्टर म्हणतात.
माणूस मरतो तो उतरवताना.

गुलूत सकाळचे साडेनऊ. पत्र्याखाली आम्ही अकरा जण
पिवळ्या झग्यांमध्ये शिजतोय,
पानांत बांधून वाफेवर ठेवलेल्या केळ्यांसारखे.
छातीवर चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने नाव:
लाकारेबेर, तिसरं वर्ष.
रोग्याला तुझे डोळेही दिसणार नाहीत,
निदान नाव तरी दिसू दे.

हातमोज्यांवर सिस्टर लाल पाणी ओततात.
उलटी समजा.
उलटी खोटी, घाम खरा.
गॉगल आतून दुधाळ होत जातात
आणि पायऱ्या सुरू होतात. हात धुवा.
एप्रन सोडा, अंगापासून लांब. हात धुवा.
झगा आतून बाहेर गुंडाळा,
सापाने कात टाकावी तसा; पण सापाला घाई नसते.
पुन्हा हात धुवा.
क्लोरीनचा वास आता आमच्या भातालाही येतो.

किदेगाने नाक खाजवलं.
एवढंच. एक बोट, अर्धा क्षण.
सिस्टरनी वहीत फुली मारली.
"तू गेलास."
आम्ही हसलो. मास्कच्या आत हसू गरम लागतं.
"जा, आंब्याखाली बस. मेलेले जेवायला येत नाहीत."
त्याची थाळी
दुपारभर तशीच झाकलेली राहिली.

चार वाजता त्याचीच गरज पडली.
पांढऱ्या पिशवीत तो निजला, चेन ओढली
(नाकापाशी बोटभर फट ठेवून)
आणि सिस्टर कोट काढून
नारिंगी जाळीच्या पलीकडे गेल्या.
तिथून त्या आमच्या सिस्टर नव्हत्या.
"माझ्या लेकराला न्हाऊ घालू दे," अचोलीत म्हणाल्या,
"इतकी माती लागलीये त्याला. न्हाऊ घालू दे."

मला एकवीस दिवस पाठ होते.
अर्धा टक्का द्रावण पाठ होतं,
किती लिटरला किती चमचे, तेही.
पाठ केलेल्या गोष्टी जिभेवर आल्या
आणि तिथेच सुकल्या.
मागे कुणीतरी खोकलं.
जाळीवर त्यांची बोटं. अंतर दोन मीटर,
मीच सकाळी टेपने मोजलेलं.

"आई," मी म्हटलं, "हात नाही लावता येणार तुम्हाला.
मी लावेन, माझ्या हातमोज्यांतून. तुम्ही इथून बघा.
त्याचा आवडता शर्ट कोणता?
तो मी वर ठेवते."

"निळा," त्या म्हणाल्या. लगेच.
"कॉलरचं बटण नाही त्याला.
मी लावणारच होते."

कुणी काही लिहून घेतलं नाही.
वही आमच्याच बाजूला राहिली होती, बाकावर, उघडी,
आणि वाऱ्याने तिची पानं चाळली.
मग सिस्टर वळसा घालून आल्या, कोट घातला,
हात धुतले. नीट, बोटांच्या बेचक्यांतून,
आम्हाला शिकवतात त्याहून जरा जास्त वेळ.

"पुढचा," म्हणाल्या.
"आणि त्या पोराला आता जेवायला द्या."

चेन उघडली.
किदेगाने आधी नाक खाजवलं,
दोन्ही हातांनी, मनसोक्त.