वीस मिनिटं

ग्रिम्सबी, एप्रिल. थिएटर तीनच्या दारावर
लाल टेप, आणि मार्करनं लिहिलेलं:
आत हवा आहे. थांबा.

गुरुवारी रात्री आठला, दारातल्या पायरीवर
पातेल्यावर उलथनं बडवत उभी होती मॉरीन ब्रॉकल्सबी,
वय एक्याऐंशी. आमच्यासाठीच.
पातेलं गडगडत फाटकापर्यंत गेलं.
ती पायरीशीच राहिली.

खुबा थांबत नाही. गुडघे थांबतात.
सकाळभर मी गुडघ्यांना फोन करत होते,
सतरा जणांना, तेच वाक्य, दर वेळी आवंढा गिळून:
तारीख नाही सांगता येत.
ट्रेव्हर लस्बी म्हणाले, गुडघ्यानं काही कुणी मरत नाही, पोरी,
आणि फोन न ठेवता बराच वेळ
नुसते श्वास घेत राहिले.
मागे त्यांचं कुत्रं दार खरवडत होतं.

मॉरीनला पूर्ण भूल नाही दिली.
घशात नळी गेली की खोकला उडतो,
म्हणून कमरेत सुई. तिच्या तोंडावर मास्क,
माझ्या तोंडावर दोन, वर काच.
ड्रिल हळू. दुसरी नळी हाडाला भिडवून धरलेली,
उडेल ते उडायच्या आत ओढून घ्यायला.
एरवी इथे रेडिओ चालतो, कुणीतरी फुटबॉलवर भांडतं.
आज पाचच जण, डोळ्यांवरून ओळखायचे.
माझ्या ॲप्रनवर कुणीतरी माझं नाव लिहिलेलं,
एक अक्षर चुकवून.

हातोडा तिला ऐकू जात होता.
पडद्यापलीकडून म्हणाली,
मीही चाळीस वर्षं हाडंच काढली.
हॅडॉकची. गोदीवर. बर्फात बोटं बधिर,
सुरी मात्र जागी.
तुमच्यापेक्षा भराभर चालायचं हो आमचं.

मी हसले, काचेवर वाफ धरली.
सांगावंसं वाटलं, आमच्या भाषेत
माशाला हाडं नसतात, काटे असतात.
तोच काटा भीतीनं अंगावर येतो.
तोच तराजूला असतो,
कुणाचं आधी, कुणाचं नंतर.
पण माझ्या हातात तिचा खुबा होता,
आणि तिच्या भाषेत हे सांगायला
निदान एक चहा तरी लागला असता.

शेवटचा टाका. मग वीस मिनिटं.
हवा बदलेपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही.
रोवेना भिंतीला टेकली, गालांवर चष्म्याचे वळ.
कुणी बोलेना. बोललं की पुन्हा हवा मळते
असं काही नव्हतं, तरी.
सगळे घड्याळाकडे बघत.
तिथेही काटाच.

मॉरीननं विचारलं,
माझं पातेलं कुणी उचललं का?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
अजून अकरा मिनिटं होती.