शेहेचाळीस अधिक चार घोडे

कंपनीने दिले होते शेहेचाळीस घोडे,
तीन सिलिंडरांत दाटीवाटीने बांधलेले.
पहिल्या मालकाने त्यांना फक्त भाजीबाजार दाखवला,
दुसऱ्याने तोही नाही.
तिसरा मी.

तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या मागे सेल्वमचं दुकान.
दुकान म्हणजे एक खड्डा, एक वेल्डिंग मशीन,
पत्र्यावर खडूने लिहिलेली उधारी
आणि शिव्या तेवढ्या अस्सल मराठीत.
"हा सायलेन्सर नाय साहेब, गाडीच्या तोंडात कोंबलेला बोळा.
काढून टाका. चार घोडे नक्की."
चार घोड्यांचे साडेसात हजार,
म्हणजे घोडा पडला अठराशे पंच्याहत्तरला.
स्वस्त वाटला.

आधी शंकूचा एअर फिल्टर, लालभडक,
बॉनेट उघडून शेजाऱ्यांना दाखवण्याजोगा.
मेच्या उन्हात तो इंजिनाचीच धग ओढायचा
आणि दम्याच्या पेशंटसारखा थांबायचा.
मग स्प्रिंगा कापल्या.
गाडी दोन इंच खाली बसली
आणि कोपरखैरण्यातला एकेक गतिरोधक
मला पोटावरून ओळखता येऊ लागला.
मग पाइप.

पारसिकचा चढ ती दुसऱ्यात चढायची,
आता पहिला टाकावा लागला.
आवाज मात्र असा, की पन्नास काय,
पाचशे घोडे नाल ठोकायला रांगेत उभे.
लिटरला अठरा देणारी तेरावर आली.
दर्शना म्हणाली, "घोडे दिसले नाहीत अजून,
चारा तेवढा जाताना दिसतोय."

आबा तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात
कॉम्प्रेसरच्या खोलीत उभे होते.
सुरुवातीला कानात कापूस, पुढे तोही नाही.
निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
ते तासाला वाजतं, असं आई सांगते.
कानाचं यंत्र डबीत. म्हणतात,
"माणसांचं ऐकून झालंय माझं."

पाइप बसवून मी सेक्टरच्या कोपऱ्यावर वळलो
आणि वर गॅलरीत आबा उठून उभे राहिले.
मी गाडी लावेस्तोवर ते खाली आले होते, अनवाणी.
"आलास," म्हणाले.
बॉनेटवर पंजा ठेवला,
डोळे मिटले,
जरा वेळाने, "तिसरा मिस मारतोय. प्लग बघ."
बघितला. काळाकुट्ट होता.

तीन महिने रोज असं.
कोपऱ्यावर मी मुद्दाम दोन गिअर उतरवायचो.
तळमजल्यावरच्यांचं तान्हं दचकून उठायचं,
हे मला ठाऊक होतं.
तरी उतरवायचो.

मग वाशीच्या सिग्नलला हवालदाराने बाजूला घेतलं,
"वरात कुणाची?" विचारलं आणि पावती फाडली.
माळ्यावरून जुना सायलेन्सर काढला,
गोणपाटात गुंडाळलेला,
आत झुरळांनी संसार मांडलेला.
सेल्वमने तासाभरात चढवला, मजुरी घेतली नाही,
माझ्याकडे बघितलंही नाही.
कापलेल्या स्प्रिंगा तशाच. त्या काही वाढत नाहीत.

आता गाडी पारसिक गुमान चढते, दुसऱ्यात.
सोळा देते. अठरा का नाही, कुणालाच सांगता येत नाही.
तान्हं झोपतं.
मी कोपऱ्यावर वळतो, सवयीने गिअर उतरवतो,
वर बघतो.
आबांची पाठ रस्त्याकडे,
मांडीवर पेपर.
मी दारात उभा राहून दिवा दोनदा लावतो-विझवतो,
तेव्हा मान वळते.

तो पाइप गॅलरीतच आहे, कढीपत्त्याच्या कुंडीमागे.
परवा पाहिलं, आबांनी तो मांडीवर घेतला होता.
एका टोकाने फुंकर घातली,
दुसऱ्या टोकाला तळवा धरला,
पुन्हा घातली.
मग, गरजेपेक्षा मोठ्याने,
"वाट मोकळी आहे रे याची."